आठ हजार डॉलर कुठे गेले

मी ऑडिओ डिस्क्रिप्शन लिहितो. म्हणजे सिनेमातलं जे फक्त डोळ्यांना कळतं ते, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, दोन डायलॉगच्या मधल्या जागेत सांगायचं. ही जागा कधी दोन सेकंद असते, कधी तेवढीही नसते. दोन सेकंदात पाच शब्द बसतात, ओढूनताणून सहा. डायलॉगवर चढायचं नाही आणि अर्थ आपण लावायचा नाही, "कपटीपणे हसतो" असं न लिहिता ओठ कसे हलले ते लिहायचं. स्क्रिप्ट झाली की अंध चेकरसोबत बसून अख्खा सिनेमा ऐकायचा. नेमकं हेच काम बरेच जण पैसे वाचवायला गाळतात आणि मग जे तयार होतं ते दिसणाऱ्यांनी दिसणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, हे माझं ठाम मत आहे.

परवा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चं चेकिंग होतं. फ्रँक कॅप्राचा, 1946 चा. आला तेव्हा थेटरात आपटला होता, पुढे 1974 मध्ये कॉपीराइट रिन्यू करायचा राहून गेला आणि अमेरिकेतली टीव्ही चॅनलं तो दर ख्रिसमसला फुकटात दाखवायला लागली, तिथून तो घराघरात गेला. जगप्रवासाचं स्वप्न बघणारा जॉर्ज बेली बापाची बिल्डिंग अँड लोन, म्हणजे घरासाठी कर्ज देणारी पतसंस्था, सांभाळत गावातच अडकतो, गावातल्या साध्या माणसांना घरं मिळवून देतो आणि एका ख्रिसमसच्या आदल्या दिवशी संस्थेचे 8000 डॉलर गायब होतात म्हणून जीव द्यायला पुलावर जातो. जॉर्ज जन्मलाच नसता तर काय झालं असतं हे मग एक देवदूत त्याला दाखवतो आणि शेवटी गावातली माणसंच ते पैसे भरून देतात.

चेकर मॅडम जन्मापासून अंध. हा सिनेमा त्यांनी डिस्क्रिप्शनशिवाय कितीदा तरी ऐकलेला, अर्धेअधिक डायलॉग पाठ. औषधाच्या दुकानात दुकानदार मिस्टर गावर लहानग्या जॉर्जच्या दुखऱ्या कानावर मारतो तिथे मी फक्त "कानातून रक्त" एवढंच ठेवलं होतं (सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून रंगाचा एकही शब्द नाही), त्यावर त्या म्हणाल्या बरोबर, रडणं मला ऐकू येतंय, ते सांगू नका. इतक्या बारीक कानाच्या बाई.

मग बँकेतला सीन आला. जॉर्जचा काका, अंकल बिली, संस्थेच्या त्या 8000 डॉलरचं पाकीट बँकेत भरायला घेऊन येतो, गावातला श्रीमंत म्हातारा पॉटर तिथे भेटतो त्याची खोड काढतो आणि त्याच्या वर्तमानपत्राची घडी करून त्याला परत देतो, त्या घडीतच पाकीट जातं. आपल्या ऑफिसात पॉटर पेपर उलगडतो, पाकीट बघतो, व्हीलचेअर परत दाराकडे न्यायला लावतो. यातलं काहीच धड ऐकू येत नाही, कागदाची सळसळ आणि दोनचार शब्द. मी लिहिलं होतं: "घडीत पाकीट. पॉटर दार किंचित उघडतो. बाहेर बिली शोधतोय. पॉटर बघत राहतो. दार लावून घेतो." या पाच वाक्यांवर मी जेवढा वेळ घालवला तेवढा बाकी पूर्ण रीलवर नसेल, कारण "चोरतो" हा शब्द न वापरता चोरी कळली पाहिजे.

मॅडम म्हणाल्या, "थांबवा जरा. परत लावा."

परत लावलं.

"म्हणजे पैसे हरवलेच नव्हते? अहो, मी इतकी वर्षं समजत होते म्हातारा वेंधळा आहे, कुठेतरी पाडले. मग शेवटी ही सगळी माणसं भरतात ती पॉटरने मारलेली रक्कम?"

मी म्हटलं हो.

"आणि त्यांना ते कळतं कधी?"

कधीच नाही. पॉटरला शिक्षा होत नाही, गावात कुणाला पत्ता लागत नाही, ते फक्त प्रेक्षकाला माहीत असतं. आणि बघणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या झटक्यात मिळालेली ही गोष्ट या बाईंना मिळालीच नव्हती, हे मला अजून पचत नाहीये.

त्यांनी मला मागे न्यायला सांगितलं, बिल्डिंग अँड लोनवर आपापले पैसे काढायला लोकांची झुंबड उडते त्या सीनवर. जॉर्ज हनिमूनचे 2000 डॉलर काउंटरवर ठेवतो, पहिला माणूस 242 चे 242 मागतो, मग कुणी 20 वर भागवतं आणि मग ती बाई येते, साडेसतरा डॉलर मिळतील का विचारते. "हिचा आवाज ऐका," मॅडम म्हणाल्या, "आठवड्याचा खर्च मनात मांडून आलीये, त्यावर एक सेंट नको तिला. आणि तिकडे तो दार लावून घेतोय."

मी हा सिनेमा इतक्यांदा बघितलाय पण हे दोन सीन एकमेकांसमोर कधी ठेवले नव्हते. जॉर्ज किती मोठा हे दाखवणारा सिनेमा असंच मी धरून चाललो होतो, पण त्यात गरजेपुरतं मागणारी माणसं आहेत आणि जॉर्ज अडचणीत आहे एवढं कळल्यावर पैसे कुठे गेले हे न विचारता साठवलेलं काढून देणारी माणसंही आहेत. मोलकरीण ॲनी देते, बारवाला मार्टिनी देतो, तोच गावर उधारीच्या गिऱ्हाइकांकडे फिरून आणतो. पॉटर एवढा श्रीमंत असून त्याच्यासाठी कुणी असं फिरलं असतं का?

शेवटच्या सीनमध्ये सगळे गात असताना हिशेब तपासायला आलेला बँक एक्झामिनरही पैसे टाकतो आणि शेरीफ जॉर्जच्या अटकेचं वॉरंट फाडतो. हे गाण्याखाली मूकपणे होतं. माझ्या एडिटरने ती ओळ काढली होती, गाण्यावर बोलायचं नाही म्हणून, आणि जागी टाकलं होतं "लोक आनंदात आहेत". ते तर गाण्यातच ऐकू येतंय! मॅडमनी ओळ दोनदा ऐकली आणि म्हणाल्या, हे राहिलंच पाहिजे, गाण्याच्या दोन कडव्यांमधल्या श्वासात बसतंय.

बसतंयच. मी ओळ परत टाकली, टाइमकोड लावला आणि फाइलसोबत लिहून पाठवलं की ही काढायची असेल तर क्रेडिटमधून माझं नावही काढा. उत्तर अजून आलेलं नाही.