व्हॅनिला सॉस पिणारा माणूस आणि आईचा फोडणीचा भात

एमएस्सीच्या डिसर्टेशनला मला बॅसिलस सिरियस मिळाला तेव्हा खरं सांगते, तोंड पडलं होतं माझं. मैत्रिणींकडे साल्मोनेला, लिस्टेरिया अशी वजनदार नावं आणि माझ्या वाट्याला शिळ्या भातातला जंतू. मग वाचता वाचता स्टाइनार हाउगे भेटला.

हा नॉर्वेचा जंतुशास्त्रज्ञ. 1947 ते 49 मध्ये तिकडे जवळपास 600 लोकांची पोटं बिघडली, सगळ्यांनी व्हॅनिला सॉस घातलेलं गोड खाल्लेलं. सॉस आदल्या दिवशी करून बाहेरच ठेवलेला आणि त्यातल्या कॉर्नस्टार्चमध्ये ह्या जंतूचे स्पोअर्स, म्हणजे जंतूची झोपलेली, टणक कवचातली रूपं, जी उकळलं तरी मरत नाहीत. आता हाच जंतू दोषी हे सिद्ध कसं करायचं? तर ह्या बाबाने सॉसमध्ये तो मुद्दाम वाढवला आणि 200 मिली स्वतः प्यायला! साधारण 13 तासांनी पोटात कळा, जुलाब, पुढे आठेक तास तेच. आम्हाला साधा सर्व्हे करायचा तरी एथिक्स कमिटीपुढे उभं राहावं लागतं.

भाताची भानगड त्याहून वाईट. 1971 पासून ब्रिटनमध्ये चायनीज फ्राइड राइस खाऊन उलट्यांच्या केसेस यायला लागल्या. तिथल्या किचनमध्ये भात ढिगाने शिजवायचे आणि रात्रभर बाहेरच, कारण फ्रीजमध्ये गोळे होतात, मग नीट परतला जात नाही. बाहेर राहिला की स्पोअर्स जागे होतात, जंतू वाढतो, सिरुलाइड नावाचं टॉक्सिन सोडतो. आणि हे टॉक्सिन 121 डिग्रीला दीड तास ठेवलं तरी टिकतं म्हणे, तिथे तुमची फोडणी काय करणार? खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू.

तर मी घरचाच भात सॅम्पल म्हणून नेला, रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला. जंतू वाढवायला जी जेली वापरतात त्या एमवायपी अगारला अंड्याचा बलक लागतो, आमच्या घरात अंडं चालत नाही त्यामुळे बलक काढताना पहिली दोन अंडी माझ्या एप्रनवरच गेली. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला तर प्लेटभर गुलाबी खरखरीत कॉलन्या, प्रत्येकीभोवती पांढरट कडं. मोजायला बसले आणि सोडून दिलं, वहीत टीएनटीसी लिहिलं, म्हणजे मोजण्यापलीकडे. कन्फर्मेशन व्हायचं होतं पण हा तोच, हे दिसतच होतं.

आईला फोटो दाखवला. "अगं इतकी वर्षं खातोय, काय झालं कोणाला?" आता ह्यावर काय बोलणार, बऱ्याचदा काहीच होत नाही हेही खरंच आहे, एका ग्रॅममध्ये लाखभर तरी जंतू झाले तर त्रासाची भीती.

तरी हल्ली ती उरलेला भात परातीत पसरते, वाफ गेली की डब्यात भरून फ्रीजमध्ये. फक्त सकाळी कढईसमोर उभी राहून रोज एकदा ऐकवते, "बघ, गोळे झाले. आता हा मोकळा कसा करू?"