टीई-३ ते २टीई११६ : एचओ मालिकेची आतापर्यंतची प्रगती

सोव्हिएत रेल्वेच्या मालगाड्या ओढणारे टीई-३, २टीई१० आणि २टीई११६ हे डिझेल-इलेक्ट्रिक लोको १:८७ म्हणजेच एचओ प्रमाणात एकापाठोपाठ एक बनवावेत, असा या मालिकेचा बेत आहे. टीई-३ चे एकमेकांना जोडलेले दोन्ही भाग रंगवून झाले आहेत. सध्या २टीई१०व्ही च्या बोगी (लोकोखालील चाकांच्या चौकटी) आणि २टीई११६ चे छत हातात आहे. मॉडेल करणाऱ्याची अडचण अशी की, या घराण्याची खरी प्रगती लोकोच्या पोटात झाली आणि ती बाहेरून फार थोड्या ठिकाणी दिसते.

टीई-३ मधील २डी१०० हे दोन-स्ट्रोक डिझेल इंजिन अमेरिकेच्या फेअरबँक्स-मोर्स इंजिनाच्या धर्तीवर बेतलेले होते. त्याच्या दहा सिलिंडरांपैकी प्रत्येकात दोन पिस्टन समोरासमोर चालत. वर एक आणि खाली एक अशा दोन क्रँकशाफ्टना एक उभा शाफ्ट जोडत असे. मिनिटाला ८५० फेऱ्यांना त्यातून २,००० अश्वशक्ती मिळे. १९५८ मध्ये खारकिवच्या कारखान्याने टीई१० बनवला, तेव्हा हीच रचना पुढे नेली आणि नंतरच्या १०डी१०० मध्ये २०७ मिमी व्यासाच्या तितक्याच सिलिंडरांतून, त्याच फेऱ्यांना, टर्बोचार्जरच्या जोरावर ३,००० अश्वशक्ती काढली. दीडपट शक्तीची किंमत इंधनाच्या खपात आणि दुरुस्तीत मोजावी लागली. या इंजिनाला सिलिंडर हेडच नाही. लायनरपर्यंत (सिलिंडरच्या आतल्या नळीपर्यंत) पोहोचायचे तर वरचा क्रँकशाफ्ट उचलावा लागतो. आपल्याकडील डब्ल्यूडीएम-२ चे अल्को इंजिन उघडलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या कामाचा व्याप वेगळा सांगायला नको.

लुहान्स्कच्या कारखान्याचा २टीई१०एल (१९६१ पासून) आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनचा २टीई१०व्ही यांची चेहरेपट्टी जवळपास सारखीच असल्याने केवळ बॉडीवरून ते ओळखण्याचा प्रयत्न करू नये, बोगीकडे पाहावे. एल च्या बोगीत ॲक्सल बॉक्स (आसाच्या टोकांवरील बेअरिंगच्या पेट्या) फ्रेमच्या जबड्यांत वरखाली सरकतात आणि भार समतोल तुळयांमार्फत पट्टी-स्प्रिंग व कॉइल-स्प्रिंग यांच्यावर पडतो. व्ही ची बोगी बिनजबड्याची आहे : प्रत्येक ॲक्सल बॉक्सच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र कॉइल-स्प्रिंग असून तो रबर-धातूच्या बुशांच्या जोडदांड्यांनी फ्रेमला धरलेला असतो. म्हणून व्ही साठी बाजूच्या फ्रेम नव्याने थ्रीडी प्रिंट केल्या आणि स्प्रिंग मात्र तांब्याची बारीक तार सुईभोवती गुंडाळून स्वतंत्र बसवल्या, कारण छापलेल्या स्प्रिंगमधील फटी प्रायमरने हमखास भरून जातात. १,०५० मिमीची चाके या प्रमाणात १२ मिमीची होतात, तेवढी बाजारात सहज मिळतात. १,५२० मिमीच्या रुळांसाठी अचूक गेज साडेसतरा मिमी हवा. तरीही मी नेहमीच्या एचओ रुळांच्या १६.५ मिमीवर समाधान मानले आहे, कारण एका मालिकेसाठी वेगळे रूळ अंथरणे मला परवडणारे नाही.

२टीई११६ हा १९७१ पासूनचा. त्यात कोलोम्नाच्या कारखान्याचे ५डी४९ हे चार-स्ट्रोक, व्ही-१६ इंजिन आले आणि डीसी जनरेटरच्या जागी अल्टरनेटर व सिलिकॉन रेक्टिफायर बसला; ट्रॅक्शन मोटर मात्र डीसीच राहिल्या. असे असूनही २टीई१० बंद झाला नाही, उलट १९८१ पासून त्याची एम आवृत्ती निघाली आणि लुहान्स्कमधून दोन्ही घराणी वर्षानुवर्षे बरोबरीने बाहेर पडत राहिली. माझ्या मते या विकासातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. तेव्हा मालिकेत २टीई१०एम हा २टीई११६ च्या नंतर ठेवावा लागेल, मग तो दिसायला जुना वाटला तरी चालेल.

२टीई११६ च्या एका भागाची लांबी १८,१५० मिमी आहे, तर २टीई१० ची १६,९६९ मिमी. मॉडेलमध्ये हा फरक साडेतेरा मिमीहून किंचित जास्त येतो आणि दोन्ही शेजारी ठेवताच डोळ्यांत भरतो. त्याहून मोठी खूण छतावर आहे. २टीई१० च्या रेडिएटरवर एकच मोठा पंखा असतो, २टीई११६ वर विजेच्या मोटरींनी फिरणारे चार पंखे असतात. चारही पंख्यांच्या जाळ्यांसाठी पितळी पत्रा एचिंगला (रसायनाने कोरायला) दिला आहे. तो हाती येईपर्यंत छताच्या कडेचे रिव्हेट पूर्ण करून घेतो आणि त्यानंतरच बॉडीवर हिरवा रंग चढवतो.