एका सदऱ्याचे दोन पांढरे

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी जुनी मुलं भेटली की हा प्रश्न हमखास येतो. मुलं म्हणजे आता चाळिशीची. "सर, मला दिसतं तेच जग तुम्हालाही दिसतं का? आणि गणित आपल्या डोक्यात असतं की बाहेर?" वर्गात असताना "आधी गृहपाठ दाखव" म्हणून सुटायचो. आता ती सोय नाही, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

दिवाळीनंतर माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर खुंटीवरचा पांढरा सदरा पाहिला आणि चमकलो. उजव्या डोळ्याने तो निळसर पांढरा, डाव्याने ताकात हळदीचं बोट बुडवल्यासारखा. बायको म्हणाली, नीळ जास्त पडली असेल. डॉक्टरांनी उलगडा केला: वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं, ते काढून नवं बसवलं की अडलेला निळा आत येतो. इतकी वर्षं मी पिवळ्या काचेतून बघत होतो आणि मला पत्ता नव्हता. तुमचा पांढरा आणि माझा पांढरा एकच का, हे राहू द्या. इथे माझ्या एकट्याच्याच डोक्यात दोन पांढरे नांदतायत.

गुंड्या मात्र दोन्ही डोळ्यांनी मोजल्या. पाचच.

गणित बाहेर आहे असं म्हणायचा मोह होतो तो या गुंड्यांमुळे. पण जरा दमानं घ्या. देवळालीच्या शाळेत मास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ तुम्हाला आठवत असेल. दारातल्या स्कूटरचा नंबर घेऊ, ६५७४. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजा करा. ७६५४ वजा ४५६७, उरले ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथे येऊन थांबते. हा प्रयोग मी दर वर्षी वर्गात करायचो. साठ पोरं साठ वेगळ्या संख्या घ्यायची आणि घंटा व्हायच्या आत सगळी एकाच ठिकाणी (दोघंतिघं सोडून, त्यांचा हातचा चुकायचा).

मग हे ६१७४ विश्वात कुठेतरी लिहून ठेवलंय का? नाही. ते आपल्या दहा बोटांचं देणं आहे. ऑक्टोपसने आठाच्या पटीत मोजणी बसवली असती, तर त्याची सगळ्यात मोठी चार अंकी संख्या आपल्या हिशेबाने ४०९५ झाली असती. ६१७४पर्यंत तो पोचलाच नसता. पण तेरा वाटाणे सारख्या रांगांत मांडायला सांगा. एका लांबलचक ओळीशिवाय त्यालाही गत्यंतर नाही, कारण तेरा ही मूळ संख्या आहे आणि त्याच्याशी बोटांचा काही संबंध नाही.

१ मधून एक तृतीयांश वजा, एक पंचमांश मिळवा, एक सप्तमांश वजा, असं करत गेलं की π चा चौथा हिस्सा मिळतो. केरळातली परंपरा ही मालिका चौदाव्या शतकातल्या माधव या गणितज्ञाच्या नावावर सांगते; युरोपात सतराव्या शतकात ती लायब्निझ या जर्मन गणितज्ञाला मिळाली. एकाची भाषा, देव, जेवण दुसऱ्याला कळलं नसतं, मालिका कळली असती. तेव्हा आपण वाटून घेतो ती जगाची मांडणी, रंग ज्याचा त्याच्यापाशी राहतो, असं माझं मत आहे.

त्यातही एक गोम आहे. फळ्यावर सिद्धता पूर्ण लिहून झाली तरी मागच्या बाकावरच्या पोराचा चेहरा कोराच असायचा. मग एखाद्या क्षणी, कधी दोन दिवसांनी, भुवया वर जायच्या: "हां, लागलं!" ते लागणं फळ्यावर कुठेच नव्हतं. खडूने ते लिहिता येत नाही, आणि त्याच्यावाचून सिद्धता म्हणजे नुसता खडूचा चुरा. म्हणून गणित पूर्ण बाहेर आहे असंही मला म्हणवत नाही. त्याला काय लागलं आणि माझ्या वयाला मला काय लागलं होतं, ते एकच होतं का, हे पुन्हा सदऱ्यासारखंच.

पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मग हळदीचा पांढरा जाईल, आणि तो कसा होता हे मलाही नीट सांगता येणार नाही. तोवर रोज सकाळी आंघोळीनंतर एकेक डोळा झाकून सदरा बघून घेतो.