तुम्ही विचारलंत म्हणून: नोटेच्या नंबरात एवढं काय बघता?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याच्या पोटात दुसरा एक असतो: "विकली तर किती येतील?" तो आधी उरकून टाकतो. बहुतेक वेळा फारसं काही येत नाही. 'अमुक नंबरची नोट द्या, लाखो रुपये घ्या' या फिरत्या जाहिराती म्हणजे शुद्ध थापा. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क आणि कमिशन मागणाऱ्यांशी आपला काही संबंध नाही, असं बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. विकणाऱ्याकडेच कुणी आधी पैसे मागितले की काय ते समजून घ्यावं.

आता नंबराकडे येऊ. खरं तर प्रत्येक नंबर दुर्मीळच. ४८२९१७ ही नोटदेखील त्या मालिकेत एकच असते. पण तिच्याकडे बघून कुणी थबकत नाही, आणि ३४७७४३ दिसली की माझा हात थांबतो. उलटीकडून वाचली तरी तीच. तिला आम्ही रडार म्हणतो.

आपल्या नोटेवर मालिकेच्या अक्षर-आकड्यांनंतर सहा आकडे असतात, त्यामुळे रडारचं प्रमाण हजारात एक. अमेरिकेच्या डॉलरवर आठ आकडे असतात, तिथे तेच दहा हजारांत एक होतं. शंभराचं कोरं पुडकं हाती आलं तर सगळ्या नोटा उलगडायची गरज नाही. वरच्या नोटेचा तिसरा आणि चौथा आकडा बघायचा. सारखे असतील तर आत एक रडार आहे, नसतील तर पुडकं खाली ठेवा. ३४७७०१ पासून सुरू झालेल्या पुडक्यात त्रेचाळिसावी नोट ती. ००ने सुरू होणाऱ्या नंबरात हा हिशेब कधीकधी एका नोटेने चुकतो, तेवढं चालवून घ्यावं.

सगळे आकडे एकच असलेली सॉलिड नोट दहा लाखांत फक्त नऊ. १२३४५६ ही लॅडर, १२३१२३ ही रिपीटर. 'बायनरी', म्हणजे दोनच आकड्यांनी भरलेला नंबर, हा प्रकार मला मात्र विक्रेत्यांनी ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. ७७७१७१ बघून मला काहीच होत नाही, मी ती बिनदिक्कत खर्चून टाकतो.

जन्मतारखेच्या नोटांची मौज वेगळी. दिवस, महिना, वर्ष सहा आकड्यांत बरोब्बर बसतात: १५०८४७. कुणाची ना कुणाची तारीख ठरेल अशी नोट सरासरी दर सत्तावीस-अठ्ठावीस नोटांमागे एक निघते, पण त्या विखुरलेल्या नसतात. १५०८०१ ने सुरू झालेलं पुडकं जवळपास अख्खं पंधरा ऑगस्टचंच. तुम्हाला तुमचीच तारीख हवी असेल तर मात्र एका मालिकेत दहा लाखांत एक.

स्टार नोटेबद्दल गैरसमज बरेच. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी घालतात तिच्या नंबरात तारा असतो. आपल्याकडे २००६ मध्ये १०, २० आणि ५० रुपयांपासून हे सुरू झालं. अशा पुडक्यातही नोटा शंभरच, फक्त क्रमाने नसतात. तारा म्हणजे नकली अशी आवई उठली तेव्हा जुलै २०२३ मध्ये बँकेला खुलासा करावा लागला. डॉलरवर ताऱ्याचं आणखी एक काम असतं: आठ आकड्यांत दहा कोटी हा नंबर मावत नाही, म्हणून त्या जागी तारावाली नोट घालतात.

एक बारीक गोष्ट हातात नोट घेऊन बघण्यासारखी आहे. २०१५ पासून आपल्या नोटांवरचे हे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात. त्यामुळे रडार वाचायला सारखी, पण दिसायला तिरकी: पहिला ३ किरकोळ, शेवटचा ३ चांगला गलेलठ्ठ. काही संग्राहकांना ते खटकतं आणि ते जुन्या, एकसारख्या आकड्यांच्या नोटा शोधतात. मला तिरकीच आवडते. आकडे जुळलेले आहेत हे चटकन लक्षात येत नाही, त्यामुळे अशा नोटा लोकांच्या हातून सुटतात.

विकत घ्यायची असेल तर कागद आधी बघा, नंबर नंतर. घडी, पिनेचं भोक, पेनाने लिहिलेली बेरीज, यातलं काहीही भाव उतरवतं. नोट धुऊन किंवा इस्त्री करून 'कोरी' म्हणून खपवणारेही आहेत. धुतलेला कागद बोटांना लुळा लागतो, त्याचा करकरीतपणा गेलेला असतो. मी स्वतः विकत घेतच नाही. सुट्ट्या पैशांत आली तर ठेवतो, आणि नड आली की त्यातलीही एखादी जाते.