फुली मारलेला एम

आमच्या फ्रिजवर मराठी मंडळाच्या बालनाट्याचं पत्रक चिकटवलेलं आहे. सोमवारी कामावरून घरी आलो तर 'मराठी' आणि 'मंडळ' या दोन्हींच्या इंग्रजी एमवर लाल मार्करच्या फुल्या. खाली बारीक अक्षरांत 'मध्यंतरात मिसळ' लिहिलंय, तर त्या मिसळीच्या एमलाही फुली. कोल्हापूरच्या माणसाच्या घरात मिसळीवर फुली! दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर चहासुद्धा दिला नसता. पण लेक अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षात आहे आणि मिशिगन विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचचा हा आठवडा तिचा आहे. या दिवसांत कोलंबसमधल्या तिच्या कॅम्पसवर जिथं म्हणून एम दिसेल तिथं लाल फुली पडते. मिशिगनचं नावही तोंडातून काढायचं नाही. 'तो वरचा संघ' म्हणायचं. आमची आजी आजोबांना 'हे' म्हणायची तसं, फक्त त्यातली माया वजा करून.

येत्या शनिवारी, २९ नोव्हेंबर २०२५ ला, दुपारी बारा वाजता मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला, मॅच आहे. इकडं तिला नुसतं 'द गेम' म्हणतात, जणू जगात दुसरी मॅच होतच नाही. पहिली झाली १८९७ मध्ये. मिशिगननं ३४-० असं धुतलं होतं.

खरं भांडण त्याच्याही आधीचं. १८३५ मध्ये टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो यांच्यात जुंपली, दोन्हीकडून हत्यारी माणसं सरहद्दीवर जमली. सीमाप्रश्न म्हटला की कोल्हापूरकराचे कान आपोआप टवकारतात, म्हणून हा इतिहास मी जरा जास्तच चवीनं वाचला. अख्ख्या 'युद्धात' भोसकला गेला तो एक मिशिगनचा डेप्युटी शेरीफ, तोही चाकूनं, आणि वाचला. भोसकणाऱ्या पोराचं नाव टू स्टिकनी. टू म्हणजे दोन. थोरल्या भावाचं नाव वन. बापानं नावं ठेवताना फार डोकं चालवलं नव्हतं. शेवटी टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनची समजूत काढायला उत्तरेकडचा जंगलाचा मोठा तुकडा देण्यात आला, ज्यात पुढं तांबं आणि लोखंड निघालं. म्हणजे जिंकलं कोण, हे तेव्हाही धड कळलं नव्हतं.

आता मी कोण? या विद्यापीठात मी शिकलेलो नाही. माझा त्याच्याशी संबंध फीच्या पावतीपुरता. माझा फुटबॉल शाहू स्टेडियमवरचा, पायानं खेळायचा. पाटाकडील विरुद्ध खंडोबा अशी तालमींची मॅच असली की शाळेला दांडी ठरलेली, आणि मॅच हरली की पुढचे चार दिवस कुठल्या गल्लीतून सायकल घालायची नाही हेही ठरलेलं. इकडं आल्यावर दोन वर्षं मी या हातातल्या फुटबॉलला नाकं मुरडली. बॉल नारळासारखा लांबट, सहा सेकंद खेळ आणि अर्धा मिनिट सभा.

मग २००६ आलं. ओहायो स्टेट देशात पहिला, मिशिगन दुसरा, आणि मॅच कोलंबसला. आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने प्रशिक्षक बो शेंबेकलर वारले. हे बो तरुणपणी ओहायोच्या वुडी हेज यांच्या हाताखाली तयार झालेले. मग १९६९ मध्ये मिशिगनला जाऊन पहिल्याच वर्षी गुरूला २४-१२ हरवलं, आणि पुढं दहा वर्षं दोघांची अशी जुंपली की त्या काळाला 'दहा वर्षांचं युद्ध' असंच नाव पडलं. तर त्या शनिवारी लाखाच्या वर लोकांनी भरलेलं ओहायोचं स्टेडियम शत्रूच्या प्रशिक्षकासाठी गप्प उभं राहिलं. मी ऑफिसातल्या एकाच्या घरी टीव्हीसमोर होतो. हातातली वेफर्सची पिशवी वाजेल म्हणून तशीच धरून बसलो होतो. नंतर ४२-३९ असं जिंकलो. 'जिंकलो' हे मी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालो. तेव्हापासून नादाला लागलोय.

आणि नाद लागला की रडणंही आलंच. २०२१, २०२२, २०२३, २०२४. सलग चार. गेल्या वर्षीची तर सांगूच नये. मिशिगनची गाडी रुळावरून घसरलेली, आम्ही वीसेक गुणांनी जिंकणार असं सगळे म्हणत होते, मॅच घरच्या मैदानावर. १३-१० हरलो. वर मैदानाच्या मधोमध झेंडा रोवण्यावरून मारामारी आणि पोलिसांचा मिरीचा फवारा. त्यानंतर आमच्या पोरांनी सलग चार मॅच मारून राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं. जानेवारीत गावभर जल्लोष. मी आनंदानं साडूंना फोन लावला, तर ते शांतपणे म्हणाले, "अभिनंदन हो साडूभाऊ. देशात पहिले, आणि आमच्यात दुसरे."

हे साडू डेट्रॉइटजवळ नोव्हीला राहतात. त्यांचा मुलगा ॲन आर्बरला शिकतो. बहिणी-बहिणींनी फार पूर्वीच ठरवून टाकलंय की थँक्सगिव्हिंगला मॅच जिथं असेल तिकडच्या घरी सगळ्यांनी जमायचं. आम्हा दोघांना कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळं विषम साली मी शत्रूच्या सोफ्यावर, शत्रूच्या हातचा चहा पीत ही मॅच बघतो. दारातल्या पायपुसण्यावर भला मोठा पिवळा एम आहे. तिथं मी पाय अंमळ जास्तच वेळ पुसतो.

कागदावर या वर्षी भ्यायचं कारण नाही. अकरा मॅच, अकरा विजय, देशात पहिला नंबर. टेक्सासपासून रटगर्सपर्यंत एकालाही आमच्यावर सोळाच्या वर गुण करता आलेले नाहीत. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, ब्राइस अंडरवूड गुणी आहे, पण पहिल्या वर्षातलं पोर. आमचाही ज्युलियन सेयिन नवखाच म्हणा, पण बॉल सुईत दोरा ओवावा तसा टाकतो. काळजी एवढीच की जेरेमाया स्मिथ आणि कार्नेल टेट हे त्याचे दोन हुकमी झेल घेणारे गेल्या शनिवारी बसून होते. ते उतरले तर बरं. लेक म्हणते, तीन टचडाउननं, म्हणजे वीसेक गुणांनी, मारू. मी तिला गप्प बस म्हणतो. वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो हे खरं, पण या मॅचचा वास्तुपुरुष बहुधा मिशिगनचा आहे.

कागदावर काय, १९५० मध्येही बरंच होतं. कोलंबसला बर्फाचं वादळ, मैदानावरच्या रेघाही दिसेनात. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं गेलं की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. पुढं सरकण्याचा तोच एक धोपट मार्ग. मिशिगनला त्या अख्ख्या मॅचमध्ये तेवढं एकदाही जमलं नाही. चोवीस वेळा त्यांनी बॉल नुसता लाथाडून दिला. आणि ९-३ जिंकले! ज्यांना दहा यार्ड सरकता येत नाही ते जिंकतात, तिथं माझ्यासारख्यानं अकरा विजयांवर किती विसंबायचं?

तर सध्या घरात तयारी चालू आहे. बायको बकाय करतेय. बकाय म्हणजे इथल्या एका झाडाचं तपकिरी बी, डोळ्यासारखा फिकट ठिपका असलेलं, आणि आमच्या संघाचं नावही तेच. खायचा बकाय म्हणजे शेंगदाण्याचा लाडूच, पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखरेचा. टूथपिकला टोचून वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचा, पण पुरता नाही, माथ्यावर रुपयाएवढं उघडं ठेवायचं. टूथपिक काढली की भोक राहतं, ते बोटानं हलकेच बुजवायचं. हे शेवटचं काम माझं. बेचाळीस झालेत. २००६ ची आठवण म्हणून बेचाळीसच करू म्हणालो, तर ती म्हणाली, माणसं मोजून करतात, मॅच मोजून नाही. आणि आणखी सहा वळले.

गुरुवारी पहाटे निघायचं, टोलेडोवरून वर. लाल स्वेटशर्ट धुतलेला नाही, धुवायचाही नाही. डबा भरताना बायकोनं एकच बजावलं, "जिंका नाहीतर हरा, डबा परत आणायचा." २०२३ मध्ये ३०-२४ झाल्यावर मी तावातावानं गाडीत जाऊन बसलो होतो. तेव्हापासून तिचा स्टीलचा पुरणाचा डबा नोव्हीत आहे, आणि साडू त्यात पोहे ठेवतात.