इझाबेलाचं मृत्युपत्र

आज बी.ए.च्या वर्गात सांगत होते, की शेक्सपिअरच्या काळी ज्युलिएटचं कामही मुलगाच करायचा. लंडनच्या नाटक मंडळ्यांत बाई नसे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग बायकांचं म्हणणं लिहिलं कुणी?"

मला इझाबेला व्हिटनी आठवली. लंडनमध्ये ही बाई चाकरीला होती, ती चाकरी सुटली. १५७३ साली छापलेल्या तिच्या पुस्तकात एक मृत्युपत्र आहे, कवितेतलं. गाठीला दमडी नाही आणि ही अख्खं लंडन लंडनच्याच नावावर करते! चीपसाइडचे सोनार, गल्लोगल्लीचे खाटीक, पाववाले, तुरुंगसुद्धा. कर्जबाजारी लोकांच्या लडगेट तुरुंगात स्वतःसाठी काही राखणार होते म्हणते, पण मला उधार देतंय कोण?

लग्न झालेल्या बाईला तेव्हा नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. इझाबेलाचं लग्न झालेलं नव्हतं. हे ठाऊक असलं, की मृत्युपत्राच्या त्या ओळी वाचताना माझा गळा दाटून येतो. बहिणीला ती कळवते, संसार मागे लागेपर्यंत माझी पुस्तकं आणि लेखणी मी सोडणार नाही.

उद्या तासाला हे मोठ्यानं वाचणार आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच वाचायला सांगेन.