स्मशानात जाताना अंगावर काय असावं

निरोप येतो तो बहुधा अवेळी. तासा-दीड तासात नेणार आहेत एवढंच कळतं आणि माणूस कपाटासमोर उभा राहतो. पांढरं घालायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रंग हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. आपल्याकडच्या अंत्ययात्रेला कुणी नुसतं हजर राहायला जात नाही. खांदा द्यावा लागतो, लाकडं रचू लागावी लागतात, चितेच्या धगीत उभं राहावं लागतं, चिखलातून चालावं लागतं आणि परत आल्यावर अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घ्यावं लागतं. तिथे आपल्या वाट्याला कोणतं काम येणार आहे, ते बघून कपडे निवडावेत.

रंगाचं आधी संपवू. पांढरा, मोतिया, बदामी, राखाडी, फिकट निळा यांतलं काहीही चालतं. काळा हा हिंदू घरांत दुखवट्याचा रंग नव्हे, पण शहरात आता काळा शर्ट कुणाला खटकत नाही. टाळायचं ते लाल, भडक पिवळं, जरीकाठी, चकचकीत आणि छातीवर मोठी अक्षरं छापलेलं. कार्यालयातून थेट निघालात तर घरी जाऊन कपडे बदलण्यात अर्धा तास घालवू नका. गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा आणि टाय काढा, बाह्या दुमडा आणि चला. रंगीत शर्टात वेळेवर पोहोचलेला माणूस पांढऱ्या शर्टात उशिरा आलेल्यापेक्षा त्या घराच्या जास्त उपयोगाचा असतो.

खरी काळजी घ्यायची ती कापडाची. लाकडाच्या चितेला साधारण अडीचशे-तीनशे किलो लाकूड लागतं. त्यावर तूप, राळ, कापूर पडला की पहिल्या काही मिनिटांत ज्वाळा अचानक उंच जातात आणि वाऱ्याबरोबर ठिणग्या लांबवर येतात. सुती कापडावर ठिणगी पडली तर बारीक भोक पडतं, काळं होतं आणि बहुतेक वेळा तिथेच विझतं. पॉलिस्टर किंवा नायलॉन मात्र अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं आणि तो वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. टेरिकॉटमध्येही पॉलिस्टर असतंच. बाजारातल्या बहुतेक स्वस्त शिफॉन आणि जॉर्जेटच्या साड्या-ओढण्या याच जातीच्या. शंका असेल तर आतल्या शिवणीतला एक धागा ओढून काडीने पेटवून बघा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याची टणक गुठळी होते. अर्थात सुती कापडही पेट घेतंच, म्हणून ते अंगाबाहेर लोंबणारं नको. गळ्यात सोडलेलं उपरणं, मोकळा पदर, उघड्या जॅकेटचे पंख हे सगळं चितेपाशी जाण्याआधी खोचून घ्यावं.

पावसाळ्यात हाच घोटाळा रेनकोटने होतो. रेनकोट म्हणजे अंगभर प्लास्टिक. तो घालून चितेजवळ जाऊ नये. छत्री न्यावी आणि ती धरून लांब उभं राहावं. जवळ जायची वेळ आली की छत्री दुसऱ्याच्या हातात द्यावी. अनेक ठिकाणी कपालक्रिया, म्हणजे चितेत कवटी फुटणं किंवा फोडणं, होईपर्यंत लोक थांबतात. तो वेळ तासभर किंवा त्याहून जास्त असतो, आणि तेवढा वेळ भिजून उभं राहण्यासाठी जाड जीन्स फार वाईट. ती पाणी धरते, जड होते आणि मांडी घालून बसूही देत नाही. सैल सुती पँट किंवा लेंगा बरा. गॅसदाहिनी किंवा विद्युतदाहिनी असेल तर ठिणग्यांचा प्रश्न नाही, तिथे घरात असतो तसा साधा सुती पोशाख पुरतो.

खांदा देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिरडीचा बांबू खांद्यावर रुततो. खांद्यावर पंचा किंवा नॅपकिन चौपदरी दुमडून ठेवावा आणि शर्ट खांद्यात घट्ट नसावा, नाहीतर हात वर धरल्याबरोबर बगलेत उसवतो. दुसरी गोष्ट पायांतली. मोकळी चप्पल घालून खांदा देऊ नये. मागून चालणाऱ्याचा पाय तिच्या टाचेवर पडतो, तोल जातो आणि तिरडी हलते. मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यात चांगली. नाडीचे बूट टाळावेत, कारण ते स्मशानात आणि घराच्या उंबऱ्यापाशी दोन-तीनदा काढावे लागतात. चामड्याचा पट्टा आणि पाकीट घरी ठेवावं, कारण परतल्यावर ते भिजणारच. खिशात थोडे सुटे पैसे, रुमाल आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत, बास.

वारकरी घरातला मृत्यू असेल तर टाळ-मृदंग असतो, अबीर-बुक्का आणि गुलाल उधळला जातो. वर लाह्या आणि झेंडूच्या पाकळ्या. अशा ठिकाणी जपून ठेवलेला पांढरा झब्बा घालून जाणं चूक आहे. स्वच्छ, इस्त्रीचा, पण खराब झाला तरी हळहळ वाटणार नाही असाच कपडा घालावा. कांजी केलेली खादीही नको. घाम आणि पाणी लागलं की ती अंगाला चिकटते आणि चुरगळते.

बायका आता अनेक घरांत स्मशानापर्यंत जातात, मुली अग्नी देतात. तरी त्यांच्या कपड्यांबद्दल सांगताना लोक "पांढरी साडी" एवढ्यावर थांबतात, आणि अडचण नेमकी तिथेच होते. पांढरी पातळ साडी भिजली की पारदर्शक होते. पांढरीच नेसायची तर जाड सुती किंवा खादीची नेसावी, आत पूर्ण लांबीचा पांढरा किंवा अंगाच्या रंगाचा परकर असावा आणि ब्लाउजला अस्तर असावं. फिकट राखाडी किंवा बदामी सुती साडी त्याहून सोयीची. साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी, पदर पिन लावून कमरेत खोचावा, केस बांधावेत. सलवार-कमीज असेल तर ओढणी तिरकी घेऊन कमरेपाशी गाठ मारावी. गजरा, अत्तर, खळखळणाऱ्या बांगड्या नकोत. कुंकू-टिकली रोजची असेल तशी राहू द्यावी.

क्रिया करणाऱ्याचा पोशाख वेगळा. त्याला आंघोळ घालून पंचा किंवा धोतर नेसवतात, वरचं अंग उघडं किंवा उपरण्याने झाकलेलं असतं आणि कपडे ओलेच असतात. ज्याने आयुष्यात धोतर नेसलेलं नाही अशा मुलाची इथे फार ओढाताण होते. ओलं धोतर जड होऊन घसरतं, त्याच वेळी एका खांद्यावर पाण्याचं मडकं असतं आणि दुसरा हात मोकळा नसतो. म्हणून कुणीतरी जाणत्याने आधीच त्याच्या कमरेला सुताची दोरी घट्ट बांधावी, धोतर त्यावरून नेसवून वरचा काठ दोरीत दोनदा मुडपून घ्यावा. पंचा एकेरी नेसवू नये, ओला झाला की सगळं दिसतं. दुहेरी करावा आणि आत सुती अंतर्वस्त्र असावं. उपरण्याची टोकं कमरेत खोचावीत, अग्नी देताना ती पुढे लोंबतात. मुलगी क्रिया करणार असेल तर जाड सुती सलवार-कमीज किंवा कमरेला नीट बांधलेली सुती साडी. तो किंवा ती अनवाणी असते. चैत्र-वैशाखात दुपारी नेणार असाल तर डांबराने तळपायाला फोड येतात. अशा वेळी घरापासून स्मशानाच्या दारापर्यंत शववाहिनीतून न्यावं.

गेलेल्या माणसाला काय घालायचं हेही याच तासाभरात ठरवावं लागतं, आणि इथे वेळ फार महत्त्वाचा. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत जबडा आणि मान ताठरायला लागते, साधारण बारा तासांत सगळं शरीर ताठ होतं. कपडे लवकर घालता आले तर उत्तम. उशीर झाला असेल तर हात वाकवायची जबरदस्ती करू नका. सदरा किंवा ब्लाउज पाठीमागून उभा कापा, दोन्ही बाह्या पुढून घाला आणि कापलेल्या कडा पाठीखाली सरकवा. समोरून कपडा पूर्ण दिसतो. पुरुषाला धोतर-सदरा, सवाष्णीला हिरवी साडी, हिरवा चुडा, कुंकू, वेणी अशी रीत आहे. वर कोरं पांढरं मांजरपाट. मर्तिकाचं सामान विकणाऱ्या दुकानात घराण्याची पद्धत सांगितली की कापड किती लागेल ते दुकानदारच सांगतो. नेण्याआधी चष्मा, घड्याळ, प्लास्टिकच्या वस्तू काढा. छातीत पेसमेकर असेल तर तो दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावाच लागतो, आगीत त्याचा स्फोट होतो.

या गडबडीत एक गोष्ट कुणी करू नये असं कळकळीने वाटतं. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, तिची साडी बदलायला लावणं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी या प्रथेविरुद्ध ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तिने अंगावर काय ठेवायचं ते तिचं ती ठरवेल. जवळच्या बाईने तिच्या शेजारी उभं राहून हे काम करायला येणाऱ्या हातांना थांबवावं.

दहाव्याला कपडे निवडताना वेगळा विचार लागतो. आळंदी, नाशिकचं रामकुंड किंवा गावचा नदीकाठ, कुठेही असलं तरी सकाळी लवकर जायचं, जमिनीवर बसायचं आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबायचं. ऊन चढतं. ग्रामीण भागात पांढरी टोपी असतेच, शहरी माणसानेही डोक्याला काहीतरी न्यावं. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा गुळगुळीत तळव्याची पादत्राणं नकोत. घरातल्या ज्या पुरुषांना क्षौर (मुंडण) करायचं असेल त्यांनी पुढे बटणं असलेला शर्ट घालावा, डोक्यावरून काढायचा टी-शर्ट नको. तेराव्याला आहेर होतो, टोपी-टॉवेल, उपरणं, साडी दिली जाते आणि घरचे लोक ते नवीन कापड अंगावर घेतात. त्या दिवशी साधे नेहमीचे कपडे पुरेत.

दुसऱ्या धर्माच्या मित्राकडे जाताना थोडं माहीत असावं. जनाज्याला पुरुषांनी डोक्यावर टोपी किंवा रुमाल घ्यावा, बाह्या आणि पँट पूर्ण लांबीची असावी. कबरीत तीन मुठी माती देताना वाकावं लागतं, म्हणून कपडे सैल हवेत. गोव्यात आणि वसईत ख्रिस्ती अंत्यविधीला काळा, गडद निळा किंवा पांढरा रंग, चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले. बौद्ध घरात पांढरा, आणि नंतर गेलेल्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या पुण्यानुमोदनालाही पांढराच. जैनांकडे पांढरा. पारशी विधीला पांढरे कपडे आणि डोकं झाकलेलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत दहन बरेचदा मृत्यूनंतर आठवडाभराने किंवा उशिराही होतं. तिथे काळा सूट की पांढरा कुर्ता ते घरचेच आधी कळवतात. कळवलं नसेल तर गडद, साधा पोशाख घालावा.

निघताना घरी सांगून जावं की न्हाणीघरात टॉवेल आणि धुतलेले कपडे काढून ठेवा, बादली भरून ठेवा. म्हणजे परत आल्यावर ओल्या पायांनी घरभर कशाला हात लावावा लागत नाही. सचैल, म्हणजे अंगावरच्या कपड्यांसकट, स्नान करायचं असेल तर त्याआधी बाहेरच एक काम करावं. गुलाल-बुक्का कोरडा असतानाच झटकून टाकावा. पाणी लागलं की गुलालाचा रंग धाग्यात उतरतो आणि पांढऱ्यावर कायमचा गुलाबी डाग राहतो. कपडे वेगळ्या बादलीत, आधी थंड पाण्यात. राळ-तुपाचा चिकट डाग असेल तर त्यावर भांडी घासायचा साबण चोळून अर्धा तास ठेवावा, मग गरम पाणी. धुराचा वास एका धुण्यात जात नाही. कपडा उलटा करून दिवसभर उन्हात टाकावा, संध्याकाळी वास घेऊन बघावा आणि राहिला असेल तर पुन्हा धुवावा.